प्रकल्प नोंदी: क्वेरीला लागलेला वेळ वाचता येईल असा दाखवणे

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि आज सकाळीच संकलन केंद्राच्या फाटकाबाहेर कापसाच्या नऊ गाड्या लागल्या होत्या. हिंगणघाट तालुक्यातील या केंद्राचे सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. काट्यावरचे वजन, ओलाव्याची टक्केवारी, काटा पावती, शेतकऱ्याचे खाते आणि चुकारा हे सगळे एकाच पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये असते आणि तो डेटाबेस कार्यालयातल्या कपाटाशेजारी ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर चालतो. गेल्या हंगामात प्रत्येक अहवालाखाली क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, लागलेला वेळ छापण्याची सोय मी केली होती. ती मुख्यतः स्वतःसाठीच असल्यामुळे पीएसक्यूएल या पोस्टग्रेस्क्यूएलला आज्ञा देण्याच्या साधनातील टायमिंग आज्ञेची मांडणी तिथे जशीच्या तशी उचलून ठेवली होती.

आज हंगामाच्या गोषवाऱ्याखाली पुढील ओळ उमटली: ‘वेळ: ८३४६१.२१५ मि.से. (०१:२३.४६१)’. हिशेब पाहणाऱ्या ताईंनी ती पाहून विचारले, “भाऊ, हे एक वाजून तेवीस कायले दाखवते? आता तं साडेअकरा झाले.” त्यांचे वाचन चुकीचे म्हणता येणार नाही. त्यांच्या दिवसभराच्या कामात मधे दोन टिंबे असलेला आकडा म्हणजे घड्याळातली वेळ. काटा पावतीवर गाडी आत आल्याची वेळ याच रूपात छापलेली असते आणि ती छापणारे सॉफ्टवेअरही माझेच आहे. एकाच पडद्यावर एकच चिन्ह दोन अर्थांनी वापरण्याची चूक माझी होती.

पीएसक्यूएलमधील ही मांडणी तशी विचारपूर्वक केलेली आहे. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी तिथे फक्त मिलिसेकंद दिसत असत. दहाव्या आवृत्तीपासून वेळ १ सेकंद किंवा अधिक असेल, तर मिलिसेकंदांपुढे कंसात मिनिटे आणि सेकंद येतात, तासाच्या पुढे गेल्यास तासही येतात आणि दिवस उलटल्यास दिवसांचा आकडाही जोडला जातो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा क्लायंट (आज्ञा पाठवणारा प्रोग्राम) हाच वेळ ‘१ मिन २३.४६ सेक’ अशा इंग्रजी संक्षेपांत देतो, तर एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसचा टायमर प्रत्यक्ष गेलेला वेळ आणि प्रोसेसरने खर्च केलेला वेळ वेगवेगळा, पण नुसत्या सेकंदांत सांगतो. ही तिन्ही साधने आज्ञा टाइप करून काम करणाऱ्यांसाठी आहेत. आमच्याकडे वाचणाऱ्या आहेत ताई, काट्यावर बसणारे भाऊ आणि अधूनमधून खिडकीतून डोकावणारा, आपला चुकारा कधी निघणार हे विचारणारा शेतकरी.

ठरलेले काम असे: वेळ मोजणे आणि वेळ दाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. मोजलेला वेळ सर्वत्र पूर्णांक मिलिसेकंदांतच फिरेल आणि मजकुरात रूपांतर एकाच फंक्शनमध्ये (कोडच्या एकाच तुकड्यात), अगदी शेवटच्या टप्प्यावर होईल.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

कोणत्या मर्यादेला कोणते एकक वापरायचे हे आज ठरवले. संगणकाच्या प्रतिसादाबाबत रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आणि याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये पुन्हा सांगितलेल्या मर्यादा या क्षेत्रात सर्वांना परिचित आहेत. ०.१ सेकंदापर्यंत उत्तर तत्काळ आल्यासारखे वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो. आमच्या केंद्रावर दहा सेकंदांनंतर माणूस उठून पुढच्या गाडीची ताडपत्री सोडायला जातो, इतकाच फरक. म्हणून १ सेकंदाखाली मिलिसेकंद, १ ते १० सेकंदांत एक दशांश स्थळ, १० सेकंदांच्या पुढे पूर्ण सेकंद, मिनिटाच्या पुढे मिनिटे आणि सेकंद, आणि तासाच्या पुढे तास आणि मिनिटे, अशा पायऱ्या केल्या आहेत. एका वेळी दोनपेक्षा जास्त एकके दाखवायची नाहीत, कारण ज्या कामाला २ तास लागले त्याचे सेकंद कोणालाच उपयोगी पडत नाहीत.

संक्षेपांचा विचार करून तो सोडून दिला. ‘मि.’ म्हणजे मिनिट की मिलिसेकंद हे संदर्भावरूनही ठरत नाही, शिवाय इथे पावसाळाभर ‘मि.’ हे अक्षर पावसाच्या मिलिमीटरसाठी वाचण्याची डोळ्यांना सवय झालेली असते. ‘से.’ तर तापमानाच्या आकड्यापुढेही लागतो. पडद्यावर जागा भरपूर आहे, तेव्हा शब्द पूर्ण लिहावेत हे बरे.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ मध्ये कालावधी लिहिण्याची स्वतंत्र रीत आहे. परंतु तिच्यात ‘एम’ हे अक्षर ‘टी’च्या आधी आले तर महिना आणि नंतर आले तर मिनिट असे ठरते. यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठी ती ठीक आहे, पण माझ्या कामात यंत्रांसाठीही पूर्णांक मिलिसेकंदच पुरेसे असल्याने ती रीत घेतली नाही.

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

पहिली आवृत्ती चालू केली आणि दुपारपर्यंत तिने ‘१ मिनिट ६० सेकंद’ असा पराक्रम केला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण ही चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा होऊ शकते. क्वेरीला प्रत्यक्षात ११९.७ सेकंद लागले होते. मिनिटे काढताना मी ६० ने भागून अपूर्णांक टाकून दिला, म्हणून १ मिनिट मिळाले. उरलेले ५९.७ सेकंद मात्र छापताना जवळच्या पूर्णांकात नेले, म्हणून ते ६० झाले. पूर्णांकात नेण्याची क्रिया भागाकाराच्या नंतर होत होती, ती आधी व्हायला हवी. सर्वप्रथम ज्या लहानात लहान एककापर्यंत दाखवायचे आहे त्या एककात संख्या पूर्णांक करायची, आणि मग त्या पूर्णांकाचेच तास, मिनिटे आणि सेकंद पाडायचे. तसे केले की ११९.७ चे आधी १२० होतात, मग २ मिनिटे ० सेकंद होतात आणि शून्य गाळले की ‘२ मिनिटे’ उरतात.

हाच घोळ पायऱ्यांच्या सीमेवरही होतो, हे त्यामागोमाग लक्षात आले. ९९९.६ मिलिसेकंद ही संख्या १ सेकंदाच्या आतली म्हणून मिलिसेकंदांच्या पायरीवर गेली आणि पूर्णांक होऊन ‘१००० मिलिसेकंद’ अशी छापली गेली. ९.९६ सेकंद ही दशांशाच्या पायरीवर जाऊन ‘१०.० सेकंद’ झाली. म्हणजे पायरीची निवडसुद्धा पूर्णांक केल्यानंतरच करायला हवी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या राउंड फंक्शनची आणखी एक गंमत अशी की बरोबर अर्ध्यावरची संख्या ते सम आकड्याकडे नेते, त्यामुळे ५८.५ चे ५८ आणि ५९.५ चे ६० होतात. हे नियमाप्रमाणेच आहे, तरी कापसाच्या हिशेबात अर्ध्याचा पुढचा आकडा धरण्याची सवय असलेल्या माणसाला ते समजावून सांगणे अवघड जाईल. मी मिलिसेकंदांतच पाचशे मिळवून हजाराने पूर्णांक भागाकार करण्याची साधी रीत घेतली.

चाचणीसाठी सीमेवरच्या संख्यांची यादी फंक्शनशेजारीच लिहून ठेवली आहे: ०, १, ९९९, १,०००, ९,९४९, ९,९५०, ५९,४९९, ५९,५००, १,१९,७०० आणि ३५,९९,६०० मिलिसेकंद. यातील शेवटच्या संख्येचे उत्तर ‘१ तास’ असेच आले पाहिजे.

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

व्याकरणाने आज दिवस खाल्ला. अहवालाखालचे वाक्य मी ‘या अहवालाला अमुक वेळ लागला’ असे पूर्ण लिहायला घेतले होते, आणि मराठीत क्रियापद वेळेच्या एककाप्रमाणे बदलते हे बोलताना कधीच जाणवत नसले तरी कोड लिहिताना लगेच आडवे येते. १ सेकंद लागला, २३ सेकंद लागले, १ मिनिट लागले, २ मिनिटे लागली, १ तास लागला, १ तास २ मिनिटे लागली. सेकंद आणि तास पुल्लिंगी, मिनिट नपुंसकलिंगी, आणि दोन एकके एकत्र आली की क्रियापद शेवटच्या एककाकडे पाहते. ‘अमुक वेळात पूर्ण झाला’ अशी वाक्यरचना केली, तर क्रियापद सुटते पण अनुस्वार गळ्यात पडतो: १ मिनिटात, पण २ मिनिटांत.

हे नियम कोडमध्ये बसवणे अशक्य नाही. मी सहा ओळींचा तक्ता केलाही होता. परंतु उद्या कोणी तिसरे एकक जोडले किंवा शून्य गाळण्याचा नियम बदलला की हा तक्ता मागे राहील आणि पडद्यावर ‘२ मिनिटे लागला’ असे उमटेल, जे ‘१ मिनिट ६० सेकंद’ यापेक्षाही अधिक खटकेल. म्हणून क्रियापदच काढून टाकले. आता ओळ अशी येते: ‘लागलेला वेळ: १ मिनिट २३ सेकंद’. यात सांभाळायचा बदल एकच राहिला, तो म्हणजे एकापेक्षा जास्त असल्यास मिनिटचे मिनिटे करणे. सेकंद, तास आणि दिवस ही रूपे एकवचनी आणि अनेकवचनी सारखीच राहतात, हे मराठीचे उपकारच म्हणायचे.

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

मिनिटे-सेकंदांचा तयार मजकूरच मी अहवालांच्या यादीतल्या स्तंभात भरला होता. ताईंनी सर्वांत संथ अहवाल वर आणण्यासाठी स्तंभाच्या मथळ्यावर टिचकी मारली तेव्हा ‘९ सेकंद’ सर्वांत वर आले आणि ‘१ मिनिट २३ सेकंद’ पार तळाशी गेले. मजकूर अक्षरानुसार लागतो आणि ९ हे अक्षर १ च्या नंतर येते, इतकेच. ४ तारखेला स्वतःच ठरवलेला नियम मी अकरा दिवसांत मोडला होता. आता स्तंभात पूर्णांक मिलिसेकंद असतात, क्रम त्यावरून लागतो आणि मजकूर फक्त पडद्यावर रंगवताना तयार होतो.

अंकांचाही प्रश्न निघाला. ब्राउझरला मराठी, भारत अशी भाषा सांगितली की संख्या न मागताही देवनागरी अंकांत येतात. पडद्यावर मला ते हवेच आहेत, कारण सातबाऱ्यापासून पावतीपर्यंत इथले लोक तेच अंक वाचतात. परंतु एक्सेलमध्ये उतरवलेल्या फाइलीत ‘८३४६१’ हे देवनागरीत गेले की तो मजकूर ठरतो आणि त्याची बेरीज होत नाही. फाइलीत आता इंग्रजी अंकांतले मिलिसेकंद जातात आणि मथळ्यात तसे स्पष्ट लिहिलेले असते. काट्यावरच्या भाऊंनी मात्र वेगळीच तक्रार केली. काट्याशेजारच्या पडद्यापासून ते सहा-सात हात दूर उभे असतात आणि तेवढ्या अंतरावरून त्यांना १ आणि ९ सारखेच दिसतात. ती ओळ मोठ्या ठशात केली.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

सकाळी सव्वादहाला पडद्यावर ‘उणे १ दिवस, २३:५९:५८’ असे आले.

उद्या विधानसभेचे मतदान असल्यामुळे केंद्र बंद राहणार आहे आणि त्यामुळे आज दोन दिवसांच्या गाड्या एकाच दिवशी आल्या होत्या. फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि मॅटाडोर थेट रस्त्यापर्यंत गेले होते, आणि अशा वेळी हा प्रकार. गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी बसून कारण शोधले.

अजून एक जुना कोपरा माझ्या फंक्शनमधून जात नव्हता. तिथे सुरुवातीची आणि शेवटची घड्याळवेळ घेऊन वजाबाकी केली जात होती आणि उत्तर पायथनच्या टाइमडेल्टाला, म्हणजे कालावधी साठवणाऱ्या प्रकाराला, मजकुरात बदलायला दिले जात होते. रविवारपासून कुठेतरी केबल तुटल्यामुळे केंद्रावर इंटरनेट नव्हते, आणि त्या दोन दिवसांत या जुन्या संगणकाचे घड्याळ जवळपास साडेतीन सेकंद पुढे गेले होते. आज सकाळी इंटरनेट आले, वेळ जुळवणाऱ्या सेवेने घड्याळ मागे ओढले, आणि नेमकी तेव्हाच एक दीड सेकंदाची क्वेरी चालू होती. शेवटची वेळ सुरुवातीच्या वेळेच्या आधीची ठरली आणि उत्तर उणे २ सेकंद आले. टाइमडेल्टा उणे चिन्ह फक्त दिवसांना देतो आणि सेकंद नेहमी धन ठेवतो, म्हणून उणे २ सेकंद म्हणजे उणे १ दिवस अधिक २३ तास ५९ मिनिटे ५८ सेकंद. हिशेब तंतोतंत बरोबर आहे, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही.

किती वाजले हे सांगणारे घड्याळ आणि किती वेळ गेला हे सांगणारे घड्याळ ही दोन वेगळी साधने आहेत. दुसऱ्या प्रकारचे घड्याळ कधीच मागे जात नाही. पायथनमध्ये ते ३.३ आवृत्तीपासून मोनोटॉनिक आणि परफ काउंटर या नावांनी मिळते, आणि ब्राउझरमध्ये परफॉर्मन्स डॉट नाऊ तेच काम करते. त्यांचा आकडा घड्याळवेळ म्हणून निरर्थक असतो, पण दोन आकड्यांतील फरक भरवशाचा असतो. सर्व मोजणी आता त्यावर नेली आहे. तरीही दाखवणाऱ्या फंक्शनकडे उणे संख्या आलीच, तर ते ‘वेळ मोजता आली नाही’ असे लिहील आणि मला नोंद ठेवील. शून्य दाखवून ती चूक झाकणार नाही.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानामुळे केंद्र बंद.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

शेतकऱ्यांच्या खाते-उताऱ्याखाली ‘लागलेला वेळ: ८१२ मिलिसेकंद’ असे होते आणि ताई म्हणाल्या, “भाऊ, मी कळ दाबून पाणी पिऊन आली, अन् हे आठशे म्हणते.” मी त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने मोजले. कळ दाबल्यापासून उतारा पूर्ण दिसेपर्यंत ६ सेकंद लागत होते.

दोन्ही आकडे खरे आहेत. डेटाबेसने क्वेरी ८१२ मिलिसेकंदांत पूर्ण केली होती. त्यानंतर चार हजारांवर ओळी सर्व्हरवरून ब्राउझरकडे गेल्या आणि ब्राउझरने त्यांचा एकच लांबलचक तक्ता रंगवला, ज्यात उरलेले सगळे सेकंद गेले. पोस्टग्रेस्क्यूएलच्या लॉगमधली (आपोआप होणाऱ्या नोंदींमधली) वेळ सर्व्हरच्या बाजूची असते, पीएसक्यूएलची टायमिंग आज्ञा क्लायंटच्या बाजूने मोजते म्हणून तिच्यात जाण्यायेण्याचा वेळ येतो, आणि माणूस जो वेळ मोजतो त्यात या दोन्हींशिवाय पडदा रंगण्याचा वेळही असतो. माझ्या ओळीने यांतला पहिला वेळ तिसऱ्या वेळेचे नाव लावून दाखवला होता. आकडा कितीही सुबक मांडला तरी समोर बसलेल्या माणसाच्या अनुभवाशी तो जुळत नसेल, तर त्या ओळीवरचा विश्वास उडतो आणि मग तिथले इतर खरे आकडेही कोणी वाचत नाही. माझ्या मते आतापर्यंतच्या सर्व चुकांत हीच मोठी होती, जरी ती चाचणीच्या कोणत्याही यादीत सापडली नसती.

कळ दाबल्यापासून तक्ता दिसेपर्यंतचा वेळ ब्राउझरमध्ये मोजून तोच आता ‘लागलेला वेळ’ म्हणून दाखवला जातो. डेटाबेसचा वेळ फक्त माझ्या लॉगमध्ये राहतो. उतारा एका वेळी दोनशे ओळींचा केला, तेव्हा एकूण वेळ १.४ सेकंदावर आला.

२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

क्वेरी चालू असतानाच किती वेळ गेला हे दाखवणारी ओळ जोडली. त्यासाठी चालू क्वेरींची यादी देणाऱ्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधून क्वेरी सुरू झाल्याची वेळ घेऊन ती नाऊमधून वजा केली, आणि आकडा ४ सेकंदांवर गोठून बसला. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये नाऊ हे चालू व्यवहार (एकत्र चालणाऱ्या आज्ञांचा गट, ट्रान्झॅक्शन) सुरू झाल्याची वेळ देते, आणि माझा पाहणारा कोड एकाच व्यवहारात पुन्हा पुन्हा विचारत होता. प्रत्यक्ष या क्षणाची वेळ क्लॉक टाइमस्टॅम्प देते. तो बदल केला आणि पाहणारा व्यवहारही दर वेळी बंद केला. दर सेकंदाला ओळ बदलते, दशांश मात्र दाखवत नाही, कारण धावता दशांश पाहून माणूस उगाच घाईला येतो.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

काट्यावरच्या भाऊंना किती वेळ गेला यापेक्षा किती वेळ लागेल यात रस आहे. तोच अहवाल मागच्या वीस वेळा चालला तेव्हा लागलेल्या वेळांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून ‘साधारण इतका वेळ लागेल’ अशी ओळ केली. सरासरी न घेता मध्यक घेतला, कारण मध्ये एखाद्या दिवशी लाइन जाऊन इन्व्हर्टरवर चाललेला एकच अहवाल सरासरी बिघडवून टाकतो.

ही ओळ अंदाजाची असल्याने ‘१ मिनिट २३ सेकंद’ असे लिहिणे खोटी अचूकता झाली असती. इथे कोणी एक मिनिट तेवीस सेकंद असे बोलतही नाही, लोक सव्वा मिनिट किंवा दीड मिनिट म्हणतात. मग पाव मिनिटापर्यंत जवळचा आकडा धरून तो बोलण्यातल्या शब्दांत मांडायचे ठरवले. नियम सोपा वाटला: पाव असेल तर सव्वा, अर्धा असेल तर साडे, पाऊण असेल तर पुढच्या आकड्याला पावणे. तासाभरात पडद्यावर ‘साडेएक मिनिट’ आणि ‘पावणेएक मिनिट’ अवतरले. भाऊ मोठ्याने हसले आणि त्यांनी ते दोन्ही शब्द दिवसभर सगळ्या हमालांना ऐकवले.

एक आणि दोन या आकड्यांजवळ मराठीचा हा नियम लागू पडत नाही. पाऊण मिनिट, सव्वा मिनिट, दीड मिनिट, अडीच मिनिटे यांना स्वतःचे शब्द आहेत. पावणेएक घड्याळाच्या वेळेला चालते, कालावधीला चालत नाही. साडे हा शब्द तीनपासून पुढे लागतो. वचनाचाही फरक आहे: दीड मिनिट, पण पावणेदोन मिनिटे. नियमातून सुटणारे हे शब्द एका छोट्या तक्त्यात आधी पाहायचे आणि तिथे न सापडल्यासच सर्वसाधारण नियम लावायचा, अशी रचना केली. दहा मिनिटांच्या पुढे पाव-पाऊण सोडून पूर्ण मिनिटेच धरली आहेत.

झालेल्या वेळेसाठी मात्र ही बोली वापरलेली नाही. तिथे आकडा मोजलेला असतो आणि तो अंकांतच राहावा.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

दसऱ्यानंतर पीजी स्टॅट स्टेटमेंट्सची आकडेवारी मी शून्यावरून सुरू केली होती. प्रत्येक क्वेरी किती वेळा चालली आणि तिला एकूण किती वेळ लागला हे त्यात साठते, आणि एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. आवृत्ती १३ पासून त्या स्तंभाचे नाव टोटल एक्झेक टाइम असे झाले आहे. हा स्तंभ मी अधूनमधून पाहत असे, पण इतके अंक डोळ्यांपुढे आले की सगळे सारखेच मोठे वाटतात. आज तो आपल्या फंक्शनमधून काढला.

हंगामाच्या गोषवाऱ्याची जी क्वेरी महिनाभर माझ्या डोळ्यांत सलत होती, तिची एकूण बेरीज ‘१ तास १२ मिनिटे’ निघाली. ती दिवसातून एकदा, क्वचित दोनदा चालते. तिच्या वर मात्र एक भलतीच क्वेरी होती: ४,२१,८६,५४० मिलिसेकंद, म्हणजे ‘११ तास ४३ मिनिटे’. नावाच्या रकान्यात शेतकऱ्याचे नाव टाइप करताना खाली सुचणाऱ्या नावांची ती क्वेरी होती. एका वेळेला सुमारे ४०० मिलिसेकंद, जे वाट पाहणे म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ती प्रत्येक अक्षराला चालते आणि दसऱ्यापासून १ लाख ५ हजारांहून जास्त वेळा चालली होती. आठ आकड्यांची ती संख्या मी यापूर्वी किमान दोनदा पाहिली होती आणि पुढे सरकलो होतो.

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

नावे सुचवणारी क्वेरी जुळणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याची खात्यातील बाकीही काढत होती. ‘र’ टाइप केले की शेकडो रामभाऊ, राजू आणि रमेश यांची खाती बेरजेला बसत. बाकी आता नाव निवडल्यावरच काढली जाते, नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधण्यासाठी टेक्स्ट पॅटर्न ऑप्स प्रकारचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) केला आहे, आणि टाइप करणे ३०० मिलिसेकंद थांबल्याशिवाय क्वेरी जात नाही. वेळ ६ मिलिसेकंदांवर आला. गोषवाऱ्याच्या क्वेरीला मी अजून हात लावलेला नाही.

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

ताईंची नवी मागणी: नावाच्या रकान्याखाली सारखे ‘६ मिलिसेकंद’, ‘५ मिलिसेकंद’, ‘७ मिलिसेकंद’ असे बदलत राहते, ते काढून टाकावे, नजर तिकडेच जाते. मी आधी ‘१ सेकंदाहून कमी’ असा एकच मजकूर ठेवून पाहिला. दुपारी त्या म्हणाल्या, “कमी आहे तं मंग सांगता कायले?”

१ सेकंदाखालची वेळ आजपासून पडद्यावर दिसत नाही, लॉगमध्ये पूर्वीप्रमाणेच पूर्णांक मिलिसेकंदांत लिहिली जाते. दाखवणाऱ्या फंक्शनमधली मिलिसेकंदांची पायरी काढलेली नाही, कारण लॉगचे पान अजून तीच वापरते. चाचणीच्या यादीत ९९९ आणि १,००० या दोन संख्यांपुढे पडद्यासाठीची अपेक्षित उत्तरे दुरुस्त केली: पहिल्याला रिकामी ओळ, दुसऱ्याला ‘१ सेकंद’. दुसरीला आधी ‘१.० सेकंद’ येत होते, ते शून्यही गाळले.